चार फळांची ओटी

परतवाडा, १८ जानेवारी

प्रति,
सौ. जुईली कुलदीप ताथोड,
अकोला.

विषय : महाविद्यालयाच्या वार्षिक स्नेहसंमेलनास उपस्थित राहण्याबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आमच्या महाविद्यालयाचे वार्षिक स्नेहसंमेलन व माजी विद्यार्थी मेळावा दि. २० व २१ फेब्रुवारी रोजी होत आहे. समारोपास प्रमुख पाहुणे म्हणून आपले पती श्री. कुलदीप नत्थुजी ताथोड यांना निमंत्रित करण्यात आले आहे. प्रथेप्रमाणे पाहुण्यांनी सपत्नीक यावे, ही विनंती.

इथपर्यंत लिहिलं आणि थांबले. तुला महोदया म्हणताना आधी हसू आलं, मग हसू गेलं.

लेटरहेडवर लिहिते आहे कारण तुझा जुना नंबर लागत नाही. कुलदीपला फोन करायचा तर काय म्हणून करू? जावई म्हणायचा हक्क आमच्या घरानं ठेवला नाही, आणि विद्यार्थी म्हणून बोलायचं तर 'काल तासाला का नव्हतास' याच्या पलीकडे मला काही सुचत नाही. माजी विद्यार्थ्यांच्या कागदांत त्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेचा पत्ता मिळाला, त्यावर पाठवते आहे. पाकिटावर कॉलेजचा शिक्का असला की कुणी काही विचारत नाही. पोस्टात नाही, आणि आपल्या घरातही नाही.

एक गोष्ट स्पष्ट करते. त्याचं नाव मी सुचवलेलं नाही. पुढच्या वर्षी नॅकची समिती यायची आहे, तिला नामवंत माजी विद्यार्थी दाखवावे लागतात. आपल्या कॉलेजातून नामवंत झालेले तसे थोडेच, त्यातले दोन निवडणुकीत पडले. कुलदीपनं अकोल्यात स्वतःची प्रयोगशाळा काढली, चार पोरांना कामाला लावलं, पेपरात फोटो आला. समितीनं एकमतानं ठरवलं. मी फक्त कार्यवृत्त लिहिलं.

पांढरीपांडे आणि ताथोड ही दोन आडनावं एका पत्रिकेवर तुझ्या बाबांना चालली नाहीत, तुम्ही रजिस्टर लग्न केलंत, नमस्काराला दाराशी आलात, बाबांनी दार लावलं आणि मी आत ओट्याशी उभी राहिले. हे सगळं तुला माहीत आहे. त्यावर लिहायला बसले तर पाकिटात मावणार नाही, म्हणून लिहीत नाही.

आणखी एक, केवळ माहितीसाठी. पाहुण्यांचा सत्कार शाल-श्रीफळ देऊन होतो आणि त्यांच्या पत्नीची ओटी कॉलेजातली ज्येष्ठ बाई स्टेजवर भरते. ही आपल्याकडची जुनी रीत तू लहानपणापासून पाहिली आहेस. ज्येष्ठ बाई सध्या मीच आहे.

उत्तराची अपेक्षा आहे, असं लेटरहेडवर लिहायची पद्धत असते.

कुंदा पांढरीपांडे
सांस्कृतिक विभागप्रमुख


परतवाडा, २९ जानेवारी

चि. जुईली,

तुझं उत्तर नाही. कुलदीपची मेल मात्र प्राचार्यांना आली : 'निमंत्रणाबद्दल आभार, उपस्थित राहीन.' राहीन. राहू नव्हे. रामराव सरांनी ती मोठ्यानं वाचली आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. त्यांचं हे टाळणं आता सवयीचं झालं आहे. सगळ्या कॉलेजला माहीत आहे आणि सगळं कॉलेज मला दुसरंच काहीतरी विचारतं. मॅडम, मंडपवाल्याला सांगितलं का. मॅडम, रांगोळीला कोणता हॉल.

आज सभा झाली. खूप दमले. वसंतातले आपले कार्यक्रम तुला पाठ आहेत : पुष्परचना, आनंद मेळावा, वादविवाद, शेलापागोटे, मराठी भाषा दिन, महिला दिन, शेवटच्या वर्षाचा निरोप. विषय तेच, भांडणंही तीच, फक्त पोरं कमी झाली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला इतकी कमी आहेत की निरोप कोण कुणाला देणार हाच प्रश्न आहे. माझी ही शेवटची खेप. जूनमध्ये मी निवृत्त. कुणाला वाईट वाटताना दिसत नाही आणि खरं सांगू, मलाही नाही. पाय फार दुखतात.

सभेत चारुतानं एक मुद्दा काढला. ही आमच्या विभागातली नवी मुलगी, हुशार आहे, आवाज गोड आहे, म्हणून सूत्रसंचालन तिच्याकडे दिलं आहे. ती म्हणाली, "मॅडम, ती ओटी आता बंद करूया ना. पाहुण्यांच्या बायकोला रोप देऊ. नवऱ्याच्या नावानं येऊन स्टेजवर पदर पसरायचा, बरं दिसत नाही."

बरोबर आहे तिचं. मी स्वतः हेच सांगत आले आहे. पोलीस अधिकारी बाई एकट्या पाहुण्या म्हणून आल्या तेव्हा त्यांची ओटी भरायची की शाल द्यायची यावर अर्धा तास गेला होता, तेव्हा बंद करा म्हणणारी मीच. आणि विधवा पाहुणीची ओटी भरली तेव्हा रामराव सर पंधरा दिवस माझ्याशी बोलले नव्हते. तू म्हणायचीस, आई बाहेर फार शूर, घरी आली की हिचा आवाज चपलांजवळ राहतो.

तर अशी मी आज सभेत उभी राहिले आणि म्हणाले, ओटी राहू द्या. परंपरा आहे. एवढ्या वर्षांची आहे. लोक काय म्हणतील. जेवढी वाक्यं मी जन्मभर खोडून काढली ती सगळी ओळीनं बोलले. रामराव सर चहा पिता पिता थांबले. चारुता माझ्याकडे बघत राहिली, मग तिच्या काहीतरी लक्षात आलं, आणि तिनं वहीत लिहिलं, 'ओटी – कुंदा मॅडम.' मी तिला आता कधीच उशिरा आल्याबद्दल बोलणार नाही.

सभेतून परत येताना तहसीलदारांची बायको आठवली. तुला आठवते का? तू तिसरीत असशील. त्या पाहुण्या म्हणून आल्या आणि स्टेजवर चढताना कळलं की सातवा महिना आहे. दिवस गेलेल्या बाईच्या ओटीत आपल्याकडे नुसता नारळ घालत नाहीत, पाच फळं घालतात. माझ्या आईनं एवढं एकच मला दटावून शिकवलं होतं. माझ्या ताटात नुसता नारळ. आपल्या शिपाई सहदेवला आनंद मेळाव्याच्या फळांच्या स्टॉलवर पळवलं, त्यानं आणली आणि ताट तुझ्या हातात दिलं. तू विंगेत उभी. मी ओटी भरायला हात घातला तर चारच फळं. संत्रं, पेरू, डाळिंब, चिकू. आणि तुझे गाल फुगलेले. तहसीलदारीणबाई चार फळांची ओटी घेऊन गेल्या. त्यांना मुलगा झाला म्हणे, ठणठणीत, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

केळं खाऊन साल तू तबल्याच्या खोक्यात टाकलं होतंस. ते मला नंतर सापडलं. तुला कधी बोलले नाही.

तू येणार आहेस का, एवढंच कळव.

आई
(सांस्कृतिक विभागप्रमुखही)


परतवाडा, ६ फेब्रुवारी

चि. जुईली,

निमंत्रणपत्रिका छापून आली. बाबा संचालक मंडळावर आहेत, म्हणून त्यांचंही नाव खाली बारीक अक्षरात आहे. वर मोठ्या अक्षरात कुलदीप. एकाच पत्रिकेवर पांढरीपांडे आणि ताथोड. लग्नात जमलं नाही ते ऑफसेटवाल्यानं जमवलं.

मी ती घरी आणून टीव्हीजवळ ठेवली. मुद्दाम समोर नाही, पण दिसेल अशी. बाबा कोर्टातून आले, चहा घेतला, चष्मा लावला. वाचली. कोर्टाचा कागद वाचतात तशी, तळापर्यंत. मग घडी केली आणि विचारलं, "हे कुणाचं डोकं?"

"समितीचं."

"समितीत कोण कोण आहे?"

मी भाजी निवडत होते, ती निवडत राहिले. ते म्हणाले, "एकदा तुझ्या गॅदरिंगनं पोरगी नेली. आता इज्जतही स्टेजवर नेऊन वाटा."

याला उत्तर होतं माझ्याकडे. तुला ते लिहिते, त्यांना दिलं नाही. गॅदरिंगनं काही नेलं नाही. कुलदीप दुसऱ्या वर्षाला होता, तेल्हाऱ्याचा पोरगा, इथे मामाकडे राहून शिकायचा, आणि त्याच्याइतकं सूत्रसंचालन अख्ख्या कॉलेजात कुणाला जमत नव्हतं. तालमीला मीच त्याला घरी बोलवायची. तू चहा घेऊन यायचीस आणि त्याच्या बोलण्यातल्या चुका काढायचीस. तो म्हणायचा, "मॅडम, हिले सांगा ना, मी काय पुन्याचा आहो का?" मी बघत होते, जुईली. मला सगळं दिसत होतं आणि मला ते आवडत होतं. बाबा मला दोष देतात तो दोष आहे असं मला आजही वाटत नाही. मुलगा चांगला होता आणि चांगला निघाला.

एवढं इथे लिहिता येतं. त्यांच्यासमोर मेथीच्या काड्या मोडत बसते.

रात्री जेवताना त्यांनी निर्णय सांगितला. ते येणार नाहीत. "ती आली, अन् तू तिची ओटी भरलीस, तर मला कुणी येऊन सांगू नये. मी त्या दिवशी अमरावतीला जाईन."

मी म्हटलं, "बरं."

त्यांनी नको म्हटलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं का? ते म्हणाले, मला सांगू नये. म्हणजे कॉलेजच्या स्टेजवर, कॉलेजच्या नारळानं, कॉलेजची बाई म्हणून मी तुझी ओटी भरली तर ते आमच्या घरात घडलं असं होत नाही. मी हे दोन दिवस घोळवते आहे. वकिलाच्या घरात इतकी वर्षं काढली, एवढी पळवाट मलाही कळते. तू फक्त यायचंस. बाकी सगळं प्रथेप्रमाणे होईल, आणि प्रथेला कुणी काही बोलत नाही.

विचार कर.

आई


परतवाडा, १४ फेब्रुवारी

जुईली,

आज कॅम्पसवर गुलाबांचा उच्छाद होता. रामराव सरांनी फाटकावर सहदेवला उभं करून फुलं जप्त करायला लावली. संध्याकाळी बघितलं तर सगळी जप्त फुलं पुष्परचना स्पर्धेच्या बादलीत. सहदेव म्हणे, "फेकाची काहून मॅडम, चांगली फुलं हायेत." पहिलं बक्षीस त्याच गुलाबांना गेलं.

हे तुला सांगावंसं वाटलं, कारण दुसरं सांगण्यासारखं काही नाही. तालमी चालू आहेत. दोन पोरी नाचातून निघाल्या, एकीचं लग्न ठरलं, एकीच्या घरून नको म्हणाले. माइकवाला मागच्या वर्षीचाच आहे आणि मागच्या वर्षीसारखाच शिट्टी मारतो, म्हणजे माइक. मी खुर्चीवर बसून 'पुन्हा' म्हणते. दिवसभर पुन्हा, पुन्हा म्हणून घरी येते.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. कुलदीपचं नाव मीच सुचवलं. सभेत सगळे एका आमदारावर अडले होते, मी म्हटलं, माजी विद्यार्थी बोलवा, नॅकला दाखवता येईल, आणि पेपरातलं कात्रण पर्समधून काढून टेबलावर ठेवलं. कात्रण पर्समध्ये कसं, हे कुणी विचारलं नाही. ते तिथे वर्षभर होतं. फोटोत त्याच्यामागे तुझा अर्धा चेहरा आहे.

मला तुला बघायचं होतं. सरळ अकोल्याची गाडी पकडून येता आलं असतं, असं तू म्हणशील. म्हणशीलच. परतवाड्याहून अकोटवरून गाड्या दिवसभर आहेत.

आई


परतवाडा, १९ फेब्रुवारी, संध्याकाळ

जुईली,

हे पत्र तुला कार्यक्रमानंतरच मिळेल, तरी लिहिते.

सकाळी शिवजयंतीची मिरवणूक झाली. दुपारी मी गुजरी बाजारात जाऊन खण आणला. कॉलेजचा असतो तो नेहमीचा, पातळ. हा वेगळा घेतला, आंबा रंगाचा, हिरव्या काठाचा. दुकानदार म्हणाला, मुलीसाठी का? मी म्हटलं, कॉलेजसाठी.

उद्या वादविवाद आणि नाच. परवा समारोप. बाबांची बॅग भरून ठेवली आहे, ते परवा सकाळी अमरावतीला निघतील.

तू येशील असं मला वाटतं. का वाटतं माहीत नाही.


परतवाडा, २२ फेब्रुवारी

प्रिय जुईली,

तू आली नाहीस.

मी फाटकाशी उभी होते. ज्येष्ठ बाईनं फाटकाशी उभं राहायचं नसतं, आत पाहुण्यांच्या खोलीत थांबायचं असतं, हे मीच इतरांना शिकवलं आहे. गाडी आली, कुलदीप उतरला, मी दुसऱ्या दाराकडे बघत राहिले. ते उघडलं नाही. तो माझ्यासमोर आला आणि सगळ्या स्वागत समितीसमोर वाकून नमस्कार केला. त्याच्या डोक्यावरचे केस थोडे कमी झाले आहेत. मी "ये" म्हटलं की "या" म्हटलं, मला आठवत नाही.

चालता चालता तो हळूच म्हणाला, "ती नाही आली, मॅडम." मी म्हटलं, "दिसतंय." मग आम्ही दोघं कार्यक्रमपत्रिकेबद्दल बोललो.

हॉल बऱ्यापैकी भरला होता. पहिल्या रांगेत बाबांच्या नावाची खुर्ची, त्यावर कुणाचं तरी लहान पोर येऊन बसलं, कुणी उठवलं नाही. मी विंगेत ताट घेऊन उभी. खण, नारळ, ओंजळभर गहू, हळदकुंकू. ताटाला झालेला खर्च आता वाया गेला असं लेखाविभाग म्हणेल, एवढं मनात आलं. दमलेल्या माणसाच्या मनात असलंच काहीतरी येतं.

तो चांगला बोलला. लिहून आणलेलं काढलंच नाही. म्हणाला, "शेतकरी आमच्याकडे माती घेऊन येतात ना, तर वरवरची घेऊन येतात. वरची माती सगळ्याहिची सारखीच दिसते. मी त्याहिले म्हनतो, बापा, ईतभर खोद, तिथली आन. मंग कळते काय कमी हाये." पोरांनी टाळ्या वाजवल्या, वऱ्हाडी बोलला म्हणून. मी ताट दुसऱ्या हातात घेतलं.

सत्कार झाला. रामराव सरांनी शाल घातली. मग चारुता माइकशी अडली. तिच्या कागदावर पुढे ओटी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पाहुण्यांच्या सौभाग्यवती आज येऊ शकल्या नाहीत. त्यांच्यासाठीची ओटी आपल्या ज्येष्ठ प्राध्यापिका कुंदा मॅडम पाहुण्यांकडे सुपूर्द करतील." तशीही पद्धत आहे. बाई नसेल तर सामान बांधून नवऱ्याकडे देतात.

मी स्टेजवर गेले. हॉल शांत झाला. एवढी शांतता आमच्या हॉलमध्ये राष्ट्रगीतालाही नसते. सगळ्यांना माहीत होतं. मी नारळ खणात ठेवून गाठ मारायला घेतली, आणि कुलदीपनं गाठीवर हात ठेवला.

"मॅडम, नारळ नका देऊ."

मला वाटलं, तू परत पाठवायला सांगितलं असशील.

तो आणखी जवळ आला. माइक लांब होता. म्हणाला, "तिनं निरोप देला. आईले सांग म्हने, नुसता नारळ आता चालत नाही. पाच फळं लागतीन. अन् स्टेजवर नाही, घरी येऊन भर म्हनावं." मग तो थांबला, त्याला स्वतःलाच ओशाळल्यासारखं झालं होतं. "अन् म्हने, या खेपेले केळं मी खाणार नाही."

जुईली, तू माझी पत्रं वाचलीस. पोचली ती सगळी वाचलीस. मला आधी तेवढंच कळलं. पाच फळांचं कळायला एक क्षण जास्त लागला, आणि तोवर मी नारळ धरून उभीच होते. चारुतानं घाईघाईनं टाळ्या मागितल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी वाजवतो आहोत हे त्यांना माहीत नव्हतं.

मी त्याला विचारलं, "कितवा?"

"पाचवा लागला."

नारळ मी परत ताटात ठेवला. रिकामा खण कुलदीपला दिला. हॉलमधल्यांना वाटलं असेल, मॅडम गोंधळल्या.

नंतर जेवणं झाली, बक्षिसं वाटली, शेलापागोट्यात मला 'अखंड पुन्हा-पुन्हा' असा किताब मिळाला. मी हसले. मंडपवाल्याला बिलाचं सांगितलं. हे सगळं मी केलं असं लोक सांगतात.

घरी आले आणि बसले. तुझ्यावर राग आला, तो लिहून टाकते. एवढ्या लोकांसमोर तुझी ओटी भरायला मी तयार झाले होते, ते तुला पुरेसं वाटलं नाही. मग राग ओसरला, कारण तुझं खरं आहे. मी स्टेजच्या आडून येत होते. लेटरहेडच्या आडून, प्रथेच्या आडून. बाबांना कळणार नाही अशा वाटेनं लेकीकडे येत होते. तू म्हणालीस, दारातून ये.

एवढी साधी गोष्ट आहे, आणि मला तिची भीती वाटते. या वयात. सभेत मी कुणालाही बोलू शकते.

आई


परतवाडा, २६ फेब्रुवारी

प्रिय जुईली,

उद्या मराठी भाषा दिन आहे. निबंधस्पर्धा, ग्रंथप्रदर्शन, एक व्याख्यान. ते उरकते. महिला दिनाचं चारुताकडे सोपवलं. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही जा, मी बघते." मी कुठे जाणार आहे हे तिला सांगितलं नव्हतं.

बाबा अमरावतीहून त्याच रात्री आले होते. जेवताना त्यांनी विचारलं, "आली होती?"

"नाही."

"मग झालं तर," असं म्हणून त्यांनी ताक मागितलं. मी वाढलं. तेव्हा बोलायला हवं होतं, पण बोलले नाही. चार दिवस नाही बोलले. रोज सकाळी ठरवायचं, आज सांगायचं, आणि रोज कॉलेजला निघून जायचं. पायाचं दुखणं वाढलं म्हणून डॉक्टरकडे गेले. ते म्हणाले, वजन फार उचलू नका.

आज सकाळी बाबा पेपर वाचत होते. मी चपला घातल्या, पिशवी घेतली, आणि दारातून परत आत आले. चपलांसकट. म्हटलं, "शनिवारी मी अकोल्याला जाते आहे. सकाळच्या गाडीनं. परवानगी विचारत नाही, सांगते आहे."

पेपर खाली आला नाही.

"आत्ता बाजारात चालले आहे. पाच फळं आणायची आहेत."

मी त्यांना आणखी काही सांगितलं नाही. सांगावं लागलं नाही. त्यांची आई, तुझी आजी, वाड्यावाड्यांतून ओटीला बोलावणी यायची तिला. ते लहानपणी तिच्यामागे पिशवी धरून फिरले आहेत. पाच फळं म्हणजे काय, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं.

पेपरचं पान उलटलं नाही. मी निघाले, फाटकापर्यंत गेले, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, तोच, कोर्टातला.

"चिकू दाबून घे. या दिवसांत आतून कच्चे निघतात."

मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांनी आणखी काहीतरी बोलून ते खोडून काढलं असतं. त्यांना मी ओळखते.

यापेक्षा जास्त तू त्यांच्याकडून आत्ता अपेक्षा धरू नको. मीही धरत नाही. ते शनिवारी येणार नाहीत. पण बसस्टँडपर्यंत ऑटो सांगून ठेवतो म्हणाले, माझे पाय दुखतात म्हणून.

बाजारात वेळ लागला. मृग बहाराची संत्री आली आहेत, शिरजगावची, ती घेतली. डाळिंब घेतलं, पेरू घेतला. चिकू दाबून घेतले. पपई दुकानदार पुढे करत होता, त्याला रागावले.

मी थेट दाराशी येईन. फोन करणार नाही, कुलदीपला घ्यायला पाठवू नको. बेल वाजली की तूच उघड.

केळी दोन घेतली आहेत. एक ओटीतलं, एक तुझं.

आई